सिद्धतेचा सराव : विश्लेषण व रैखिक बीजगणित यांच्या अध्यापनाचा इतिहास

विद्यापीठीय गणिताच्या आरंभीच्या वर्षांत विद्यार्थ्याची गाठ दोन विषयांशी पडते : वास्तव विश्लेषण आणि रैखिक बीजगणित. तोपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणे, अशी त्याची समजूत झालेली असते. येथून पुढे मात्र 'सिद्ध करा' ही आज्ञा बहुतेक प्रश्नांच्या आरंभी येऊ लागते. या दोन विषयांनाच हे स्थान का प्राप्त झाले, आणि सिद्धता ही वाचून पाठ करण्याची वस्तू न राहता विद्यार्थ्याने स्वतः करावयाची क्रिया केव्हा झाली, हा प्रश्न केवळ अध्यापनशास्त्राचा नाही. तो गणिताच्या इतिहासाचाही आहे.

संशोधकांनी प्रथम काटेकोर सिद्धता निर्माण केल्या आणि कालांतराने त्या पाठ्यपुस्तकांत उतरल्या, असे सामान्यतः मानले जाते. ऐतिहासिक पुरावा पाहता हा क्रम अनेक ठिकाणी उलटा दिसतो. विश्लेषणातील काटेकोरपणाचा बराच भाग व्याख्यानगृहाच्या गरजेतून निपजला. तसेच, सिद्धतेचा सराव शक्य झाला तो प्रमेये वाढली म्हणून नव्हे. व्याख्यांना असे रूप आले की ज्यांच्यावर विद्यार्थ्याला स्वतः काम करता येईल, म्हणून. प्रस्तुत लेखात या दोन विधानांची तपासणी करावयाची आहे.

१. खात्री आणि कारण

अठराव्या शतकातील कलनशास्त्र फलदायी होते, परंतु त्याचा पाया अस्थिर होता. आयलर व त्याचे समकालीन अनंत श्रेढींचा उपयोग मोठ्या कौशल्याने करीत. त्या अभिसारी आहेत की नाहीत, याची चिकित्सा नियमाने केली जात नसे. जाणत्या गणितज्ञाची अंतर्दृष्टी त्याला बहुधा चुकीपासून वाचवीत असे. पण अंतर्दृष्टी शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गाला देता येत नाही. फ्रान्समध्ये १७९४ मध्ये एकोल पॉलितेक्निक स्थापन झाले व कलनशास्त्र मोठ्या वर्गापुढे क्रमवार मांडण्याची जबाबदारी श्रेष्ठ गणितज्ञांवर येऊन पडली. लाग्रांजचा १७९७ चा वैश्लेषिक फलनांवरील ग्रंथ आणि कोशीचा १८२१ चा 'कूर दानालीज' हा ग्रंथ, दोन्ही या संस्थेतील अध्यापनाशी निगडित आहेत.

याच सुमारास प्रागमध्ये बोल्झानोने १८१७ मध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. एखादे संतत फलन एका ठिकाणी ऋण व दुसऱ्या ठिकाणी धन असेल, तर मध्ये कोठे तरी त्याचे मूल्य शून्य झालेच पाहिजे, हे तिचे प्रतिपाद्य. अक्षाच्या खालून वर जाणारी अखंड रेषा अक्षाला छेदणारच, हे कोणालाही दिसते. मग सिद्धता कशासाठी? बोल्झानोचे उत्तर मननीय आहे. आकृतीमुळे मिळणारी खात्री तो नाकारीत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, खात्री पटणे ही एक गोष्ट आणि सत्याचे कारण दाखविणे ही दुसरी. संख्यांविषयीच्या विधानाचे कारण संख्यांच्याच स्वरूपात शोधले पाहिजे. ते भूमितीतून उसने आणणे योग्य नव्हे.

भारतीय परंपरेच्या अभ्यासकाला येथे 'उपपत्ती' या संकल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. उपपत्तीवाचून गणक विद्वानांच्या सभेत प्रौढत्व पावत नाही व स्वतःही निःशंक होत नाही, असा भास्कराचार्यांचा अभिप्राय आहे. आणि बीजगणितात त्यांनी क्षेत्रगत व राशिगत अशा दोन प्रकारच्या उपपत्तींचा निर्देश केला आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून त्यातील नियमांच्या उपपत्ती दिल्या. केरळात सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवांनी 'युक्तिभाषा' या मलयाळम ग्रंथात अनंत श्रेढींच्या उपपत्तीही मांडल्या. ही परंपरा गुरुशिष्यांच्या अध्ययनातच जिवंत होती. तथापि आजचा विद्यापीठीय अभ्यासक्रम तिच्यातून वाढलेला नाही; त्याचा उगम युरोपातील एकोणिसाव्या शतकातील शिक्षणसंस्थांत आहे, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

२. कोशीचे प्रमेय आणि आबेलची तळटीप

सिद्धतेच्या सरावाच्या दृष्टीने 'कूर दानालीज'मधील सर्वांत बोधप्रद भाग म्हणजे त्यातील एक सदोष प्रमेय. संतत फलनांची अनंत श्रेढी अभिसारी असेल तर तिची बेरीजही संतत असते, असे कोशीने प्रतिपादन केले. त्याची विचारसरणी अशी : श्रेढीची बेरीज म्हणजे पहिल्या काही पदांची बेरीज अधिक उरलेला शेष. पहिला भाग सान्त असल्यामुळे संतत आहे. पुरेशी पदे घेतली की शेष हवा तितका लहान होतो. म्हणून चलात अल्प बदल केल्यास एकूण बेरजेतही अल्पच बदल होईल.

१८२६ मध्ये नील्स हेन्रिक आबेलने द्विपद श्रेढीवरील आपल्या निबंधाच्या एका तळटिपेत या प्रमेयाला अपवाद असल्याचे दाखविले. 'ज्या क्ष' वजा 'ज्या २क्ष'चा अर्धा भाग, अधिक 'ज्या ३क्ष'चा तृतीयांश, अशी एकाआड एक चिन्हांची ती श्रेढी होय. क्ष हा उणे पाय व पाय यांच्या दरम्यान असता तिची बेरीज क्षच्या निम्मी येते. पण क्ष प्रत्यक्ष पायइतका झाला की प्रत्येक पद शून्य होते, म्हणून बेरीजही शून्य. बेरजेचे फलन तेथे तुटते, प्रत्येक पद मात्र संतत आहे.

चूक नेमकी कोठे आहे, हे याहून सोप्या उदाहरणाने दाखविता येते. शून्य ते एक या अंतरावर क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन, अशी फलनांची क्रमिका घ्यावी. क्ष एकाहून लहान असेल तर या क्रमिकेची सीमा शून्य. क्ष एक असेल तर सीमा एक. आता क्षचा घात एकदशांशाहून लहान होण्यासाठी किती पुढे जावे लागेल? क्ष ०.९ असता २२ वा घात पुरतो. क्ष ०.९९ असता २३० वा घात लागतो. क्ष ०.९९९ असता २,३०२ वा. क्ष जसजसा एकाजवळ जातो तसतशी ही संख्या अमर्याद वाढते. सर्व क्षांना एकाच वेळी पुरेल असा घातांक अस्तित्वातच नाही. कोशीच्या 'पुरेशी पदे घेतली की' या शब्दांत हाच प्रश्न दडलेला होता : पुरेशी कोणासाठी? एका ठरावीक क्षसाठी, की सर्व क्षांसाठी एकदम?

हा भेद स्पष्ट होण्यास दोन दशके लागली. १८४७ च्या सुमारास स्टोक्स व झायडेल यांनी स्वतंत्रपणे त्याचा छडा लावला; कोशीने स्वतः १८५३ मध्ये आपल्या विधानात दुरुस्ती केली; वायरश्ट्रासने १८४१ च्या एका लेखातच 'एकसम अभिसरण' ही कल्पना वापरली होती, परंतु तो लेख १८९४ पर्यंत अप्रकाशित राहिला. कोशीच्या 'अत्यल्प राशी'चा निराळा अर्थ लावून त्याचे मूळ प्रमेय निर्दोष ठरविणारे अभ्यासकही विसाव्या शतकात पुढे आले. त्या वादात न शिरताही एक गोष्ट उरते : कोशीच्या शब्दांतून विद्यार्थ्याला तो भेद दिसू शकत नव्हता.

एकसम अभिसरणाची व्याख्या हाती आली की तीच सिद्धता सरळ होते. सर्व क्षांना पुरेल इतकी पदे घ्यावीत, म्हणजे दोन्ही ठिकाणांचा शेष दिलेल्या मर्यादेच्या तृतीयांशाहून लहान होतो. मग सान्त भागाच्या सांतत्यावरून उरलेला तृतीयांश मिळतो. तीन तृतीयांश मिळून काम पुरे होते. ही सिद्धता आज पदवीच्या विद्यार्थ्याला सरावासाठी देता येते, याचे कारण तो कोशीहून बुद्धिमान आहे हे नव्हे. 'प्रत्येकासाठी असा एक आहे की' आणि 'असा एक आहे की प्रत्येकासाठी' या दोन वाक्यांतील क्रमभेद आता व्याख्येतच नोंदलेला आहे.

३. वर्गात जाणवलेली उणीव

मध्यमूल्याच्या ज्या प्रमेयासाठी बोल्झानोने लेखणी उचलली त्याची एक सिद्धता कोशीने आपल्या ग्रंथाच्या एका परिशिष्टात दिली आहे. अंतराचे समान भाग करावेत, ज्या भागाच्या दोन टोकांना फलनाची चिन्हे विरुद्ध आहेत तो निवडावा, त्याचे पुन्हा भाग करावेत. अंतरे आकुंचन पावत जातात व त्यांची टोके एका संख्येकडे जातात. तेथे फलन शून्य.

ही सिद्धता परिमेय संख्यांवर चालवून पाहावी. 'क्षचा वर्ग वजा २' हे फलन १ ला ऋण, २ ला धन. दहा दहा भाग केल्यास १.४ व १.५, नंतर १.४१ व १.४२, नंतर १.४१४ व १.४१५, अशी अंतरे मिळतात. प्रत्येक पायरी परिमेय संख्यांत बिनचूक पार पडते. तरीही शेवटी ज्या संख्येकडे ही टोके जातात ती परिमेय संख्यांत नाहीच. म्हणजे सिद्धतेतील प्रत्येक दृश्य पायरी बरोबर असूनही तिच्यात एक अदृश्य गृहीतक आहे : आकुंचित होणाऱ्या अंतरांच्या पोटी एक संख्या असतेच. बोल्झानोच्या सिद्धतेतही नेमकी हीच जागा मोकळी राहिली होती.

ही उणीव रिशार्ट डेडेकिंडला वर्गात शिकविताना जाणवली. १८५८ च्या शरद ऋतूत झुरिकच्या पॉलितेक्निकमध्ये तो प्रथमच विकलनाचे मूळ सिद्धांत शिकवीत होता. सतत वाढणारी पण मर्यादेबाहेर न जाणारी राशी एका सीमेकडे जाते, हे सांगताना त्याला आकृतीचा आधार घ्यावा लागला. अध्यापनासाठी तो आधार उपयुक्त आहे हे त्याला मान्य होते. शास्त्रीय पाया म्हणून तो अपुरा आहे, हेही स्पष्ट होते. २४ नोव्हेंबर १८५८ रोजी त्याला उत्तर सापडले : परिमेय संख्यांचे दोन वर्गांत केलेले 'छेद' म्हणजेच वास्तव संख्या. हा विचार त्याने १८७२ मध्ये प्रसिद्ध केला. दोनचे वर्गमूळ आणि तीनचे वर्गमूळ यांचा गुणाकार म्हणजे सहाचे वर्गमूळ, हे साधे समीकरणसुद्धा त्याच्या माहितीप्रमाणे तोवर कोणी रीतसर सिद्ध केलेले नव्हते, असे त्याने तेथे निदर्शनास आणले. त्याच वर्षी कँटर व हाइने यांचेही वास्तव संख्यांविषयीचे निबंध प्रसिद्ध झाले.

वायरश्ट्रासची गोष्टही याच प्रकारची आहे. त्याने कित्येक वर्षे शाळाशिक्षक म्हणून काढली व १८५६ मध्ये तो बर्लिनला आला. विश्लेषणाच्या पायाविषयीचे त्याचे विचार त्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले नाहीत. ते विद्यार्थ्यांच्या टिपणवह्यांतून युरोपभर पसरले. एप्सिलॉन व डेल्टा यांची भाषा प्रथम रूढ झाली ती अशी व्याख्यानांतून. सर्वत्र संतत पण कोठेही विकलनक्षम नसलेले फलन त्याने १८ जुलै १८७२ रोजी बर्लिन अकादमीपुढे मांडले, तेव्हा आकृतीवर विसंबण्याची सवय किती घातक आहे, हे सर्वांनाच कळून चुकले.

४. रैखिक बीजगणित : उशिरा आलेला जोडीदार

विश्लेषणात सिद्धता डळमळीत होत्या, म्हणून त्या दुरुस्त कराव्या लागल्या. रैखिक बीजगणितात अडचण निराळी होती. तेथे सिद्धतेची गरजच फारशी भासत नव्हती. समीकरणे सोडविता येत, निश्चयक मांडता येत, आणि उत्तर ताडून पाहता येई.

आर्थर केलीचा १८५८ चा आव्यूहांवरील, म्हणजे मॅट्रिक्सवरील, निबंध हे याचे ठळक उदाहरण आहे. प्रत्येक चौरस आव्यूह आपल्याच लाक्षणिक समीकरणाची पूर्ती करतो, हे प्रसिद्ध प्रमेय केलीने तेथे सांगितले. दोन ओळींच्या आव्यूहासाठी त्याने पडताळा दिला, तीन ओळींसाठीही आपण पडताळा घेतल्याचे नमूद केले, आणि सर्वसामान्य सिद्धतेचे श्रम घेण्याची आवश्यकता त्याला वाटली नाही. सर्वसामान्य सिद्धता फ्रोबेनियसने १८७८ मध्ये दिली. मध्ये वीस वर्षे गेली.

हे प्रमेय सरावाच्या दृष्टीने आजही कसोटीचे आहे. लाक्षणिक बहुपदी म्हणजे 'लॅम्डा गुणिले एकक आव्यूह वजा अ' याचा निश्चयक. लॅम्डाच्या जागी अ घातला की 'अ वजा अ', म्हणून शून्य, अशी एका ओळीची 'सिद्धता' विद्यार्थी हमखास देतात. तिचे खंडन करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तीच युक्ती दुसरीकडे लावणे. निश्चयकाऐवजी मुख्य कर्णावरील घटकांची बेरीज घ्यावी. 'लॅम्डा गुणिले एकक वजा अ' याची कर्णबेरीज म्हणजे 'न गुणिले लॅम्डा, वजा अची कर्णबेरीज'. येथेही लॅम्डाच्या जागी अ घालून शून्य मिळते असे मानले, तर अची नपट म्हणजे एकक आव्यूहाची एक पट, असा निष्कर्ष निघेल. म्हणजे प्रत्येक आव्यूह एकक आव्यूहाच्याच पटीत असेल! युक्तिवाद एकच, आणि येथे निष्कर्ष उघड असत्य. तेव्हा युक्तिवादच सदोष ठरतो.

खरी सिद्धता फार लांब नाही. 'लॅम्डा एकक वजा अ' व त्याचा संलग्न आव्यूह यांचा गुणाकार म्हणजे लाक्षणिक बहुपदी गुणिले एकक आव्यूह. संलग्न आव्यूह लॅम्डाच्या घातांप्रमाणे मांडावा, दोन्ही बाजूंची सहगुणके जुळवावीत, आणि मिळालेल्या समीकरणांना डावीकडून क्रमाने एकक, अ, अचा वर्ग, अचा घन यांनी गुणून बेरीज घ्यावी. डाव्या बाजूची पदे एकमेकांना छेदून शून्य उरते. उजव्या बाजूस लाक्षणिक बहुपदीत अ घातल्याचे मूल्य येते. पडताळा आणि सिद्धता यांतील अंतर येथे डोळ्यांपुढे येते : पडताळा आकाराबरोबर वाढत जातो, सिद्धता सर्व आकारांना एकच असते.

मितीच्या कल्पनेचा इतिहासही विलंबाचाच आहे. समीकरणांची संख्या पुरेशी असूनही ती परस्परांवर अवलंबून असू शकतात, हे आयलरने १७५० मध्ये वक्ररेषांच्या छेदांविषयीच्या एका विरोधाभासाची चर्चा करताना दाखविले होते. पण 'अवलंबून असणे' याला व्यापक व्याख्या मिळण्यास शतक लोटले. स्टेटिन येथील शाळाशिक्षक हेर्मान ग्रासमान याने १८४४ मध्ये व पुन्हा नव्या मांडणीने १८६२ मध्ये रैखिक अवलंबन, आधार व मिती यांचा सिद्धांत मांडला; आधारातील सदिशांची अदलाबदल करण्याची रीत आणि दोन उपअवकाशांच्या मितींमधील संबंध दुसऱ्या ग्रंथात आढळतात. ग्रंथ दुर्बोध ठरला व वाचक थोडे लाभले. पेआनोने १८८८ मध्ये सदिश अवकाशाची स्वयंसिद्धके जवळजवळ आजच्याच रूपात लिहिली. त्यांचाही तत्काळ प्रसार झाला नाही. बानाख याचा १९२२ चा प्रबंध, व्हान डर व्हार्डेन याचे १९३० व १९३१ चे आधुनिक बीजगणितावरील दोन खंड, आणि पॉल हाल्मोस याचे सान्तमित सदिश अवकाशांवरील १९४२ चे पुस्तक, या टप्प्यांनी हा विषय अखेर अभ्यासक्रमात स्थिरावला.

तो स्थिरावल्यावर आरंभीच्या सिद्धतांसाठी त्याहून सोयीचे क्षेत्र सापडणे कठीण झाले. विश्लेषणात व्याख्येतील परिमाणकांचा क्रम सांभाळावा लागतो; येथे मोजक्या स्वयंसिद्धकांपलीकडे काहीही गृहीत धरता येत नाही. एक विषय असमानतांची शिस्त शिकवितो, दुसरा संरचनेची. दोन्ही विषय जोडीने शिकविण्याचे समर्थन या पूरकतेत आहे.

५. सरावाच्या संस्था

व्याख्या तयार झाल्या तरी सराव आपोआप होत नाही. त्याला संस्था लागते. कोनिग्सबर्गमध्ये १८३४ मध्ये याकोबी व नॉयमान यांनी गणित व भौतिकी यांचे सेमिनार सुरू केले. बर्लिनमध्ये १८६१ मध्ये कुमर व वायरश्ट्रास यांनी गणिताचे सेमिनार स्थापन केले. व्याख्यान ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने उभे राहून स्वतः मांडावे, ही प्रथा तेथे रुजली.

केंब्रिजची वाट निराळी होती. तेथील ट्रायपॉस परीक्षेत प्रश्नाचा पहिला भाग पुस्तकी सिद्धतेचा असे व दुसरा तिच्यावर आधारलेल्या नव्या प्रश्नाचा. या दुसऱ्या भागास 'रायडर' म्हणत, आणि शालेय भूमितीमुळे हा शब्द महाराष्ट्रातही परिचित झाला. १८९९ मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी दुसऱ्या एका विद्यार्थ्यासमवेत सीनियर रँग्लरचा मान मिळविला, तेव्हा हीच पद्धती चालू होती. तिच्यात चापल्याला मोल होते. पायाच्या चिकित्सेला कमी. गुणानुक्रमाची यादी १९०९ नंतर बंद झाली. या पद्धतीचा कठोर टीकाकार हार्डी याने १९०८ मध्ये शुद्ध गणितावरील आपले पाठ्यपुस्तक लिहून विश्लेषणाची काटेकोर मांडणी इंग्रजी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली. १९१४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने डेडेकिंडच्या सिद्धांताची रूपरेषा समाविष्ट केली. लक्षणीय गोष्ट ही की, पुस्तकातील अनेक उदाहरणे ट्रायपॉसच्याच प्रश्नपत्रिकांतून घेतलेली आहेत. जुन्या परीक्षेचे साहित्य नव्या शिस्तीच्या सेवेस लागले.

हंगेरीत १८९४ मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिक व स्पर्धा, दोन्ही सुरू झाली होती. त्या देशातील पोल्या व सेगो यांनी १९२५ मध्ये विश्लेषणातील प्रश्नांचे दोन खंड प्रसिद्ध केले. प्रश्नांची मांडणी केवळ विषयानुसार न करता सोडविण्याच्या पद्धतीनुसार करावी, म्हणजे एका प्रश्नात सापडलेली वाट पुढल्या प्रश्नात उपयोगी पडेल, हा त्यांचा विशेष. अमेरिकेत टेक्सस विद्यापीठात आर. एल. मूर याने १९२० पासून पुढे पुस्तकच बाजूस ठेवले. विद्यार्थ्याला केवळ स्वयंसिद्धके व विधाने देऊन सिद्धता त्याच्याकडूनच काढून घेतल्या. या पद्धतीने अनेक संशोधक घडविले. त्याच वर्गाचे दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मात्र बंद होते, हेही त्या इतिहासाचेच अंग आहे.

६. उपसंहार

या इतिहासावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. बोल्झानो, कोशी, केली यांच्यासारख्यांच्या सिद्धतांत ज्या जागा मोकळ्या राहिल्या त्या बुद्धीच्या उणिवेमुळे नव्हेत. व्याख्या अजून कामास येण्याजोगी झाली नव्हती, किंवा पडताळ्याने समाधान होत होते. विद्यार्थ्याच्या वहीत आजही त्याच जागा मोकळ्या राहतात : सर्व क्षांसाठी की एकासाठी, हे न ठरविता 'पुरेसा मोठा न' घेतला जातो, वास्तव संख्यांची पूर्णता न वापरता सीमा अस्तित्वात आणली जाते, चिन्हाच्या जागी आव्यूह घालून निष्कर्ष काढला जातो. या चुकांना निष्काळजीपणा म्हणून लाल रेघ मारणे सोपे आहे. त्या विषयाच्या वाढीतील टप्पे आहेत हे ओळखून त्यांवर प्रश्न रचणे अधिक फलदायी ठरेल.

तसे प्रश्न रचणे अवघडही नाही. प्रमेयातील एक गृहीतक काढून टाकावे व ते तरीही खरे राहते का, हे विचारावे. सिद्धता परिमेय संख्यांवर चालवून ती कोठे अडते, हे दाखविण्यास सांगावे. सदोष सिद्धता देऊन तीच युक्ती एखाद्या असत्य विधानापर्यंत नेण्यास सांगावे. अशा प्रश्नांना पाठांतर उत्तर देऊ शकत नाही. उलट, ज्या परीक्षेत केवळ छापील प्रमेये विचारली जातात तेथे वायरश्ट्रासची व्याख्यासुद्धा एक मंत्र होऊन बसते, आणि तिच्यातील शब्दांचा क्रम बदलला तरी पाठ करणाऱ्यास त्याचा पत्ता लागत नाही.

सिद्धतेच्या पायऱ्या तपासण्याचे काम आज संगणकही करू शकतो. तथापि कोणती पायरी तपासण्यास मागावी हे ज्याला कळते, त्यालाच त्या तपासणीचा उपयोग. आबेलने कोशीची सिद्धता वाचली तेव्हा त्याच्याजवळ एकसम अभिसरणाची व्याख्या नव्हती. होते ते एक उदाहरण, आणि मान्यवर ग्रंथातील विधान त्या उदाहरणावर घासून पाहण्याची सवय. अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला द्यावयाचे ते हेच होय.